बाळाची क्रोशाची टोपी: मापापासून द्राक्षाच्या घडापर्यंत

नाशिकमध्ये लोकरीच्या टोपीची खरी गरज साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असते. निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात तर डिसेंबर-जानेवारीत पारा एक अंकी होतो. बाळंतविड्यासाठी टोपी विणणारे मात्र बहुतेक वेळा बारशाच्या तारखेकडे पाहून माप ठरवतात. मार्चमध्ये जन्मलेल्या बाळाला दिलेली नवजात मापाची लोकरीची टोपी तशीच कपाटात राहते, कारण थंडी येईपर्यंत ते बाळ नऊ महिन्यांचं झालेलं असतं. म्हणून पहिला हिशोब जन्ममहिन्याचा करा. सप्टेंबरचं बाळ असेल तर तीन ते सहा महिन्यांची टोपी विणा. मार्च-एप्रिलचं असेल तर लोकरीत सहा ते बारा महिन्यांची विणा, आणि लगेच घालायला एखादी पातळ सुती टोपी द्या. नवजात माप लोकरीत विणायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मणाऱ्या बाळासाठीच.

दुसरी गोष्ट सजावटीची. कान, पानं, द्राक्षं, कांद्याची पात असं काहीही टोपीवर करता येतं, पण ते सगळं दोऱ्यातूनच घडलं पाहिजे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या वस्तूवर मणी, बटणं, टिकल्या, चिकटवलेले डोळे नकोत. सुटलेला मणी थेट तोंडात जातो आणि तिथून श्वासनलिकेत अडकू शकतो. क्रोशात दोऱ्याचाच मणी फुगवता येतो, त्यामुळे बटणांवाचून अडत नाही. पुढचे सगळे नमुने याच नियमाने केलेले आहेत.

लोकर आणि सुई

मेनरोड, रविवार कारंजा, दहीपूल या भागांत विणकाम-शिवणकामाचं सामान मिळतं. तिथे ‘बेबी वूल’ म्हणून जे मागाल ते बहुतांशी ॲक्रिलिक असतं, आणि बाळाच्या टोपीला ते चांगलं. धुवायला सोपं, आटत नाही, शुद्ध लोकरीसारखं टोचत नाही. मध्यम जाडीचं घ्या, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या सुईला नीट बसेल असं. केसाळ, झगमगीत जर असलेली किंवा मखमली लोकर दुकानात सुंदर दिसते, पण तिचे तंतू सुटून नाकातोंडात जातात. शिवाय तिच्यात टाके दिसत नाहीत, त्यामुळे नवख्याला मोजणी अशक्य होते. लोकर हनुवटीखाली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहा. मोठ्यांना तिथे टोचली तर बाळाला नक्की टोचेल.

नवजात मापाला साधारण 30 ग्रॅम, तीन ते सहा महिन्यांना 40 ग्रॅम, सहा ते बारा महिन्यांना 50 ग्रॅम लोकर लागते. वरच्या द्राक्षाच्या घडाला 5-6 ग्रॅम जांभळी आणि थोडी हिरवी पुरते. एका रंगाचे दोन गुंडे लागणार असतील तर लेबलावरचा लॉट नंबर एकच आहे ना ते पाहूनच घ्या. लॉट बदलला की रंगाची छटा बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती दिसत नाही, घरी उन्हात धरल्यावर दिसते.

सुया दोन ठेवा: टोपीला 3.5 मिलिमीटर, घडाला आणि काठाला 3 मिलिमीटर. ॲल्युमिनियमच्या साध्या सुया चालतात, फक्त टोकाची खाच बोटाने चाचपून घ्या. खाचेला धार असली तर ॲक्रिलिकचे पदर फाटतात. याशिवाय मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी आणि खूण म्हणून वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा लागेल.

टाक्यांची नावं आधी पक्की करू, कारण परदेशी नमुने वाचताना इथेच घोटाळा होतो. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकी नमुन्यातला सिंगल क्रोशे, पण ब्रिटिश नमुन्यात त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. आपला खांब अमेरिकेत डबल आणि ब्रिटनमध्ये ट्रेबल. अमेरिकी नमुना ब्रिटिश समजून विणला तर प्रत्येक टाका एक पायरी बुटका होतो आणि बाळाची टोपी बाहुलीची होऊन बसते. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द कुठेही दिसला तर तो अमेरिकी आहे हे ओळखा.

टोपीचं अंग अर्ध्या खांबात विणायचं. मुक्या खांबाची वीण ताठ होते, पूर्ण खांबाच्या विणीतून वारा शिरतो. अर्धा खांब मऊ, दाट आणि थोडा ताणणारा असतो. तो असा: सुईला दोऱ्याचा एक वेढा घ्या, सुई घरात घालून दोरा ओढा, सुईवर तीन फास होतील. पुन्हा वेढा घेऊन तिन्ही फासांतून एकदम काढा.

माप आणि नमुना

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार डोक्याचा सरासरी घेर जन्मतः 34 ते 34.5 सेंटिमीटर, तीन महिन्यांना 39.5 ते 40.5, सहा महिन्यांना 42 ते 43 आणि वर्षाला 45 ते 46 असतो. मुलींचा आकडा थोडा कमी, मुलांचा थोडा जास्त. बाळ जवळ असेल तर मोजपट्टी भुवयांच्या किंचित वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवून प्रत्यक्ष माप घ्या.

टोपीचा घेर डोक्यापेक्षा सुमारे 2 सेंटिमीटर कमी हवा. अर्ध्या खांबाची वीण ताणते, त्यामुळे टोपी डोक्यावर धरून राहते. बरोबरीने विणलेली टोपी दोन धुण्यांत सैल होऊन डोळ्यांवर उतरते.

आपल्या हाताचे टाके किती मोठे येतात ते पाहायला आधी नमुन्याचा चौकोन विणायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. गोल टोपीत त्याची वेगळी गरज नाही, टोपीच्या माथ्याची सपाट गोल चकती हाच नमुना. पण चकती मोजायची म्हणजे मोजायचीच. इथे धरलेला हिशोब असा: 10 सेंटिमीटर रुंदीत 17 अर्धे खांब आणि 10 सेंटिमीटर उंचीत 13 फेऱ्या. या हाताने आठ फेऱ्यांची चकती 12 ते 12.5 सेंटिमीटर व्यासाची येते. टोपीचा घेर भागिले 3.14 म्हणजे चकतीचा व्यास. 38 सेंटिमीटरच्या टोपीला 12.1, 33 च्या टोपीला 10.5 आणि 42 च्या टोपीला 13.4 सेंटिमीटर. चकती मोठी आली तर सुई पाव ते अर्धा मिलिमीटर बारीक घ्या, लहान आली तर तेवढीच जाड. हात मुद्दाम घट्ट किंवा सैल करून जमवू पाहू नका. चार फेऱ्या तसं जमतं, पाचवीला हात आपल्या मूळ सवयीवर येतो आणि टोपीला कंबर पडते.

टोपीचं अंग: तीन ते सहा महिने

मॅजिक रिंग करा: दोरा बोटाभोवती एकदा गुंडाळून त्या गोलातच टाके घालायचे आणि शेवटी सुटं टोक ओढून गोल बंद करायचा. ही रिंग जमत नसेल तर चार साखळ्या स्लिप स्टिचने (घरात सुई घालून ओढलेला दोरा सुईवरच्या फासातूनही थेट काढायचा) जोडून त्या गोलात विणा. मध्ये किंचित भोक राहील, ते मागाहून टोकाच्या दोऱ्याने आवळता येतं.

गोलात एक साखळी घालून 8 अर्धे खांब घाला. ही साखळी टाका म्हणून मोजायची नाही. इथून पुढे फेरी जोडायची नाही, स्प्रिंगसारखं गोल फिरत वर चढत जायचं. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात खुणेचा दोरा अडकवा आणि फेरीगणिक वर सरकवत न्या. खूण न लावता ‘लक्षात राहील’ म्हणून विणलेल्या टोपीची मोजणी पाचव्या फेरीपर्यंत हमखास चुकते.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन टाके, एकूण 16. तिसऱ्या फेरीत एक टाका साधा, पुढच्या घरात दोन, हे आठ वेळा, एकूण 24. चौथ्या फेरीत एक साधा, पुढच्या घरात दोन, पुन्हा एक साधा, असे आठ वेळा, एकूण 32. पाचवीत तीन साधे आणि एका घरात दोन, 40. सहावीत दोन साधे, एका घरात दोन, दोन साधे, 48. सातवीत पाच साधे आणि एका घरात दोन, 56. आठवीत तीन साधे, एका घरात दोन, तीन साधे, 64.

सम फेऱ्यांत वाढ मध्ये घेतली आहे ती मुद्दाम. प्रत्येक वाढ आधीच्या वाढीच्या बरोबर डोक्यावर आली की चकतीला आठ कोपरे पडतात आणि टोपी डोक्यावर अष्टकोनी दिसते. वाढीची जागा एकाआड एक सरकवली की चकती खरोखर गोल होते.

आता मोजपट्टी लावा. चकती सपाट टेबलावर पडून राहिली पाहिजे. कडा झालरीसारखी लाटा घेत असेल तर दोन शक्यता आहेत: कुठेतरी जास्त वाढ झाली आहे, किंवा तुमचे टाके रुंद आणि बुटके येत आहेत. टाके मोजा. 64 पेक्षा जास्त भरले तर चूक मोजणीची, बरोबर 64 असतील तर हाताची. हाताची असेल तर आठऐवजी सात टाक्यांनी सुरुवात करून फेरीला सातच वाढी घ्या. उलट चकती वाटीसारखी वर उचलत असेल तर टाके उंच येत आहेत किंवा वाढ राहून गेली आहे. किंचित वाटी झाली तर चालते, कारण डोकं काही सपाट नसतं. झालर मात्र चालत नाही. ती पुढच्या सरळ फेऱ्यांत मुरत नाही, माथ्यावर फुगा होऊन राहते.

चकतीनंतर वाढ बंद. प्रत्येक घरात एकच टाका घालत 64 टाक्यांच्या 11 फेऱ्या विणा. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत काम ताटलीसारखंच दिसतं आणि बऱ्याच जणी घाबरून उसवतात. थांबा, पाचव्या फेरीला कडा खाली वळते. वळल्यावर उजवी बाजू बाहेर आहे ना ते पाहा. असं गोल विणताना विणणाऱ्याकडे तोंड करून असते ती उजवी बाजू.

अकरा सरळ फेऱ्या झाल्या की 3 मिलिमीटरची सुई घेऊन मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या घाला. काठ त्यामुळे धरून राहतो. शेवटच्या दोन टाक्यांच्या जागी एक सैल मुका खांब आणि एक स्लिप स्टिच घेतली की फेरी संपल्याची पायरी दिसत नाही. माथ्यापासून काठापर्यंत उंची साधारण 15.5 सेंटिमीटर भरते, कान अर्धे झाकले जातात.

नवजात मापासाठी वाढ सातव्या फेरीला 56 टाक्यांवर थांबवा, 9 सरळ फेऱ्या आणि काठ. सहा ते बारा महिन्यांसाठी नवव्या फेरीत सात साधे आणि एका घरात दोन असे घेऊन 72 करा, मग 12 सरळ फेऱ्या आणि काठ.

कान पूर्ण झाकायचे असतील तर बंद लावण्यापेक्षा कानपट्ट्या विणा. मागचे 10 टाके सोडून दोन्ही बाजूंना 13-13 टाक्यांवर प्रत्येकी सहा ओळी अर्ध्या खांबाच्या, दुसरीपासून दर ओळीला दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करत 13 वरून 3 वर या. समोर 28 टाके उरतात. हनुवटीखाली बांधायच्या लांब दोऱ्या सुंदर दिसतात, पण त्या गळ्याशी आवळू शकतात, म्हणून तान्ह्या बाळाला त्या नकोतच. आणि बाळ घरात झोपलेलं असताना टोपी काढून ठेवा. जास्तीची बरीच उष्णता बाळ डोक्यातून बाहेर टाकतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या 2022 च्या सुरक्षित झोपेच्या सूचनांतही जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नवजात अतिदक्षता कक्ष वगळता घरात टोपी घालू नये असं म्हटलं आहे. टोपी बाहेर नेताना, गाडीवरून जाताना, पहाटेच्या गारठ्यात घालायची. टोपीबरोबर ही गोष्ट बाळाच्या आईला आणि आजीलाही सांगा, कारण आपल्याकडे बाळाला बांधून ठेवण्याचा कल असतो.

द्राक्षाचा घड

घड वेगळा विणून टोपीवर शिवायचा. टोपी विणतानाच मध्ये जांभळे मणी घालता येतात, पण गोल कामात रंगीत दोरा दर फेरीला तोडावा लागतो आणि आतल्या बाजूला टोकांचा गुंता होतो. वेगळ्या घडाचा आणखी एक फायदा म्हणजे टोपी लहान झाली की तो उसवून क्लिपवर, पिशवीवर, पुढच्या टोपीवर लावता येतो.

मणी म्हणजे बॉबल टाका. सुईला वेढा घ्या, घरात घालून दोरा ओढा, पुन्हा वेढा घेऊन दोन फासांतून काढा आणि खांब तिथेच अर्धवट ठेवा. हेच त्याच घरात आणखी तीन वेळा करा. आता सुईवर पाच फास आहेत. वेढा घेऊन पाचांतून एकदम काढा. पाच फासांतून सुई अडते, कारण पहिला फास घट्ट असतो. प्रत्येक वेळी दोरा ओढताना तो खांबाच्या पूर्ण उंचीपर्यंत वर आणला तर अडत नाही.

बॉबल नेहमी विणणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला फुगतो, हे इथे सर्वांत महत्त्वाचं. म्हणून तो उलट्या ओळीत घालायचा, म्हणजे उजव्या बाजूला उठून दिसतो. बॉबलनंतरचा मुका खांब घट्ट घ्या, तोच मण्याला बाहेर ढकलतो. मणी चपटे राहतात तेव्हा बहुतेक वेळा हा पुढचा टाका सैल असतो.

शरद सीडलेस जातीच्या द्राक्षांसाठी गडद जांभळी लोकर, थॉमसन जातीसाठी फिकट पोपटी. 3 मिलिमीटरच्या सुईने 10 साखळ्या घाला. पहिली ओळ उजवी: सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरू करून 9 मुके खांब. दर ओळीच्या शेवटी एक साखळी घालून काम उलटवा. दुसरी ओळ: एक मुका खांब, मग बॉबल आणि मुका खांब ही जोडी चार वेळा. तिसरी ओळ: पहिले दोन टाके एकत्र, पाच मुके खांब, शेवटचे दोन एकत्र, उरले 7. चौथी: एक मुका, मग जोडी तीन वेळा. पाचवी: दोन एकत्र, तीन मुके, दोन एकत्र, उरले 5. सहावी: एक मुका, जोडी दोन वेळा. सातवी: दोन एकत्र, एक मुका, दोन एकत्र; उरले 3. आठवी: मुका, बॉबल, मुका. नववीत तिन्ही टाके एकत्र घेऊन संपवा आणि सगळ्या कडेने मुक्या खांबाची एक फेरी घाला, नाहीतर कड दातेरी दिसते. चार, तीन, दोन, एक असे दहा मणी होतात आणि खालची ओळ वरच्या ओळीच्या फटींत बसते. खऱ्या घडात मणी असेच दाटतात.

पानाला हिरव्या लोकरीच्या 8 साखळ्या. दुसऱ्या साखळीपासून क्रमाने एक मुका खांब, एक अर्धा खांब, तीन खांब, एक अर्धा खांब, आणि शेवटच्या साखळीत तीन मुके खांब. तिथूनच वळून साखळीच्या दुसऱ्या कडेने एक अर्धा खांब, तीन खांब, एक अर्धा खांब, एक मुका खांब, आणि स्लिप स्टिचने बंद. अशा तीन पाकळ्या बुडाशी एकत्र शिवल्या की द्राक्षाचं पंजासारखं पान होतं. एकच पाकळी लावली तर ते आंब्याचं पान वाटतं.

बाळीसाठी, म्हणजे द्राक्षवेलीच्या मुरडत्या तंतूसाठी, 12 साखळ्या घालून परतताना प्रत्येक साखळीत तीन मुके खांब घाला. एवढ्याशा जागेत जास्त टाके मावत नाहीत, त्यामुळे बाळी आपोआप मुरडते. तिचं मोकळं टोक टोपीला टाचून टाका, लोंबतं ठेवू नका.

शिवताना टोपी 12-13 सेंटिमीटर तोंडाच्या वाडग्यावर उपडी घाला. सपाट ठेवून शिवलेला घड डोक्यावर गेल्यावर टोपी आवळतो, कारण टोपी ताणते पण शिवण ताणत नाही. जागा कपाळाच्या एका बाजूला, काठापासून दोन सेंटिमीटर वर. मागे कधीच नाही, तान्हं बाळ उताणं असतं आणि प्रत्येक मणी डोक्याला रुततो. शिवण घडाच्या कडेने, टाके लहान आणि एकमेकांजवळ. शेवटी मणी चिमटीत धरून जोराने ओढून पाहा.

जांभळा आणि लाल रंग पांढऱ्या टोपीवर लावण्याआधी त्या लोकरीचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून तासभर ठेवा. डाग उतरला तर ती लोकर फिक्या टोपीवर नको.

कांद्याची टोपी

माथ्याचा आकार केवळ वाढींच्या संख्येवर ठरतो हे हिच्यात दिसतं. दर फेरीला आठ वाढी घेतल्या तर सपाट चकती होते, चारच घेतल्या तर शंकू होतो. लासलगावच्या लाल कांद्याच्या रंगाची गुलाबीसर लोकर घ्या. गोलात 4 अर्धे खांब, मग दर फेरीला चार वाढी: 8, 12, 16 असं करत सोळाव्या फेरीला 64. पुढे 7 सरळ फेऱ्या आणि मुक्या खांबाचा काठ. वाढीच्या जागा इथेही सरकवत राहा, नाहीतर शंकूला चार धारा येतात. शेंडा डोक्यावर तीनेक सेंटिमीटर उभा राहतो, तीच कांद्याची मान.

पातीसाठी हिरव्या लोकरीच्या 15 साखळ्यांवर परतीचे मुके खांब, अशा तीन पट्ट्या. शेंड्याच्या भोकातून आत घेऊन आतून घट्ट शिवा. पातीत तार घालू नका, कापूसही नको. ती लवलवती राहिलेलीच चांगली.

सशाचे किंवा अस्वलाचे कान लावायचे तरी हाच नियम, आत काही भरायचं नाही. अस्वलाचा कान मुक्या खांबात 6, 12, 18 टाक्यांवर नेऊन 18 च्या आणखी दोन फेऱ्या, मग चपटा दाबून बुडाशी शिवायचा. दोन्ही कान माथ्याच्या पाचव्या आणि दहाव्या फेरीच्या मधल्या पट्ट्यात, समोरून पाहून सारख्या अंतरावर. टाचणीने जागा धरलीत तर शिवून झाल्यावर टाचण्या मोजून काढा.

बोरन्हाणाचा मुकुट

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत घरोघर बोरन्हाणं होतात आणि लहानग्यांना काळ्या कपड्यावर हलव्याचे दागिने घालतात. हलव्याला काटे असतात, आणि दागिन्यातला दाणा सुटून तोंडात जातो. वर्षाच्या आतबाहेरच्या मुलाला पांढऱ्या बॉबलचा क्रोशाचा मुकुट त्यापेक्षा बरा. दिसायला तो हलव्याचाच दिसतो आणि पुढच्या भावंडासाठीही राहतो.

काळी लोकर, 3.5 ची सुई. टाक्यांची संख्या चारच्या पटीत अधिक एक हवी; वर्षाच्या बाळाला 81 टाके म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर होतात. 82 साखळ्या घालून पहिली ओळ 81 काळे मुके खांब. दुसऱ्या, म्हणजे उलट्या ओळीत दोन काळे मुके, मग एक पांढरा बॉबल आणि तीन काळे मुके हे एकोणीस वेळा, शेवटी एक बॉबल आणि दोन मुके. दोन्ही टोकांकडचे तीन-तीन बॉबल गाळून तिथे काळे मुके खांबच घाला, कारण ती बाजू डोक्यामागे जाते. उरतात 14.

रंग बदलायची वेळ चुकली की पांढऱ्या मण्याला काळी टोपी येते. बॉबलच्या आधीच्या काळ्या मुक्या खांबाचा शेवटचा वेढा पांढऱ्या दोऱ्याने घ्या. बॉबलचे पाच फास सुईवर आले की त्यांतून काढायचा वेढा काळा घ्या. वापरात नसलेला दोरा टाक्यांच्या आत धरून विणत न्या. मागे मोकळा लोंबू दिला तर त्यात बाळाचं बोट अडकतं. आत धरलेला पांढरा दोरा अधूनमधून किंचित ओढत राहा, म्हणजे काळ्यातून डोकावत नाही.

तिसरी ओळ काळे मुके खांब. मग मुकुटाच्या पाकळ्या: दोन्ही बाजूंचे 28-28 टाके सोडून मधल्या 25 टाक्यांवर एक मुका खांब, दोन घरं सोडून पुढच्या घरात पाच खांब, दोन घरं सोडणं, असं चार वेळा, शेवटी एक मुका खांब. चार पाकळ्या होतात. पट्टीची टोकं मागे सपाट शिवून जोडा. मुक्या खांबाची पट्टी फारशी ताणत नाही, म्हणून इथे डोक्याच्या मापापेक्षा एक सेंटिमीटरच कमी धरा, टोपीसारखे दोन नव्हे. कपाळावर वळ उठला तर पट्टी लहान झाली आहे.

टोकं आणि धुणं

प्रत्येक तुटलेला दोरा किमान दहा सेंटिमीटर सोडा आणि बोथट सुईने तीन वेगवेगळ्या दिशांना टाक्यांत ओवा. ॲक्रिलिक घसरतं, एकाच दिशेला ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. गाठ मारून जवळ कापू नका, गाठ टोचते आणि शेवटी सुटतेही. याच लोकरीतून मोजे विणत असाल तर आतली बाजू उलटून दोनदा तपासा. आतला सैल धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडू शकतो, आणि मोजा घातलेला असल्याने ते लवकर लक्षात येत नाही.

देण्याआधी टोपी एकदा धुवा. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगली तर ओल्या लोकरीच्या वजनाने लांब होते. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, उष्णतेने तंतू कायमचे मरगळतात आणि टोपीची ताण जाते. सुती टोपीला इस्त्री चालते, पण सूत पहिल्या धुण्यात थोडं आटतं, म्हणून सुती नमुन्याची चकती धुवून वाळवून मगच मोजा.

भेट देताना लेबलाचा कागद आणि त्याच लोकरीचा दोन-तीन मीटरचा तुकडा सोबत द्या. मणी सैल झाला किंवा काठ उसवला तर दुरुस्तीला तोच रंग हाताशी राहतो.